माझ्यापुढे नको

बार लायब्ररीत तैलचित्र लावायचं ठरलं,
म्हणून मला खाली रेकॉर्डला पाठवलं.
"न्यायमूर्ती जयवंतांचं बघा काही, ठोंबरे.
नेमणूक, बदल्या, एखादा गाजलेला निकाल.
भाषणापुरतं."

भाषणापुरतं लगेच मिळालं.
नीळकंठ अनंत जयवंत. सनद अठ्ठावीस साली.
पेणला सबजज्ज, मग भुसावळ, मग कारवार,
(पुढची दोन पानं वाळवीनं स्वतःकडे ठेवली)
त्रेपन्नला ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश,
छप्पन्नच्या ऑगस्टात हायकोर्ट.
एकदा टायफॉइड. रजा बावीस दिवस.

नेमणुकीची तार आली त्या दिवसाचं अपील
चौथ्या दिवशी हाताला लागलं, पारव्यांच्या शिटेखाली.
जोमीबाई कान्हा भोईर, राहणार कोलशेत,
विरुद्ध शिलोत्रदार.
भांडण एका खारबांधाचं.
कडेला पेन्सिलीत, त्यांच्याच अक्षरात:
२.१०. तार. थांबू नये, पुढे चालवा.

बाहेर कोर्टनाक्यावर तोवर पेढे वाटून झाले होते.
वकील मंडळींनी हार आणला.
तो टेबलावरच राहिला असणार,
कारण पान चौतीसवर एक मुंगी चपटी झाली आहे.
मी ती काढली नाही. रेकॉर्ड आहे.

पाच वाजता निकाल.
बाईकडे कागद नाही. अपील खर्चासह नामंजूर.
दीड पान.
मी त्यांचे बाकीचे निकाल काढून पाहिले,
गुरचरणीच्या चार गुंठ्यांनाही ते अठरा पानं देत.
दीड पान फक्त हे.
सही मात्र मोठी, नीट, कुठे शाई फुटलेली नाही.

जोमीबाई थांबली नाही.
तीन वर्षांनी सेकंड अपील वर गेलं,
आणि बोर्डावर आलं नेमकं त्यांच्याच.
फाईल उघडली असेल. मुंगी दिसली असेल का,
मला सांगता येत नाही.
शेरा एका ओळीचा:
माझ्यापुढे नको.

दुसऱ्या न्यायमूर्तींनी लिहिलं ते मी उतरवून घेतलंय:
"दर भरतीनंतर जिनं पाट्या वाहिल्या,
तिचा कागद चिखलात लिहिलेला होता.
खालच्या न्यायालयाला तो वाचता आला नाही."
खालचं न्यायालय म्हणजे तेच.
दोघांची दालनं एकाच व्हरांड्यात होती.
जेवायच्या सुट्टीत काय बोलले असतील?
की नुसतं ताक प्यायले?

एवढ्यावर मी फाईल बांधत होतो.
शेवटी नकलेचा एक अर्ज निघाला, सदुसष्ट सालचा.
अर्जदार नी. अ. जयवंत, चरई, ठाणे.
हुद्दा लिहिलेला नाही.
फी भरली, पावती जोडली, म्हणजे खिडकीशी
पक्षकारांच्या रांगेतच उभे होते.
'नक्कल कशासाठी' या रकान्यात लोक लिहितात
अपिलासाठी, बँकेसाठी, वाटणीसाठी.
त्यांनी लिहिलंय: वाचायला.

साहेबांना मी सनद दिली, बदल्या दिल्या,
तारखा दिल्या. भाषण छान झालं.
बांधावर आता कुठल्याशा टॉवरचं पार्किंग आहे.

चित्रात त्यांच्या हाती जाड लाल पुस्तक आहे.
चित्रकारानं विचारलं होतं, हात कसे असायचे त्यांचे?
मी म्हटलं, पाहिले नाहीत.