रंगीत तालमीचा अहवाल

तालीम कशी झाली ते दुसरे लिहितील.
माझ्याकडे फक्त आराखडा:
चौतीस पानं, स्पायरल बाइंडिंग,
आणि एवढंच बघायचं की हे ठरवलं कुणी,
आणि ठरवताना कुणाला विचारायचं राहिलं.

पुएर्तो अलेर्सेचं इस्पितळ खाडीकडे तोंड करून बसलंय.
साठ खाटा, एक लिफ्ट,
मागं टेकडी, टेकडीवर शाळेचं पटांगण.
भूकंपानंतर अठरा मिनिटांनी पाणी येईल असं धरलंय.
अठरा कुठून आले, कुठल्याच पानावर नाही.

संचालक बारीया कॉफी पुढं करतात.
गुरुवारी सकाळी दहाच का, मी विचारते.
दहाला सगळे हजर असतात, ते म्हणतात,
आणि साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवतात.
मी लिहून घेते.
समुद्राला कळवलंय का, हे लिहीत नाही.
अहवालात असली वाक्यं शोभत नाहीत.

बैठका चार. हजेरीपट जोडलेला.
डॉक्टर, डॉक्टर, अग्निशमन दलाचा कॅप्टन,
विमा कंपनीचा एक जण, पुन्हा डॉक्टर.
रात्रपाळीचं कुणी नाही.
स्वयंपाकघर नाही. शवागार नाही.

पान अकरा: सर्व रुग्ण मागच्या उतारावरून टेकडीकडे.
मी तो उतार शोधत तळघरात गेले.
तिथं एर्मेलिंदा वेंचुमान इस्त्री करत होती,
सव्वीस वर्षं तीच इस्त्री, म्हणाली,
हँडल तेवढं दोनदा बदललं.
ते दार आत उघडतं, बाई.
आणि दहाला माझ्या गाड्या तिथंच लागलेल्या असतात,
ओल्या चादरींच्या, नऊ.

पण परवा तर सगळे सोळा मिनिटांत वर पोचले!

हो. आदल्या दिवशी साहेबांची सेक्रेटरी आली होती,
म्हणाली, पाहुणे येणार, एवढं आवरून घ्या.
आवरलं.

कुणाला सांगितलं नाहीस?
तिनं उशीचा अभ्रा उलटला.
विचारलं कुणी?

टाळ्यांचा फोटो परिशिष्ट तीनमध्ये आहे.

आणि दोन सेगुंदो, निवृत्त पाणबुडे, वय एकाहत्तर,
ज्यांना गालावर रंग फासून गळ्यात काळं कार्ड अडकवलं,
म्हणजे मृत.
जखमींना परत कधी आणायचं ते पान वीसवर आहे.
मेलेल्यांनी उठायचं कधी, ते कुठंच नाही.
अडीच तास पडून राहिले पटांगणात, वाऱ्यात,
एका घोंगडीखाली.
हाक का नाही मारली?
मेलेल्यानं हाक मारायची नसते ना, ते म्हणाले,
तुमचं सगळं बिघडलं असतं.
चहाच्या कपाला त्यांच्या बोटांचा लाल रंग लागला.
तो बीटाचा होता. मी वास घेऊन बघितला.

शेवटच्या पानावर तीन चौकटी असतात.
असमाधानकारक. अंशतः. समाधानकारक.
तेरा वर्षांपूर्वी, किनाऱ्यानं आणखी दक्षिणेला,
दुसऱ्या एका इस्पितळाचा आराखडा मी तपासला होता.
टापटीप होता. नकाशे रंगीत होते.
तळघरात मी गेले नव्हते, पायाला लागलं होतं,
आणि परतीची बस चारची होती.
तिसऱ्या चौकटीत मी खूण केली,
खाली सही, वळणदार.
त्या जागेवर आता फुटबॉलचं मैदान आहे.
एका गोलपोस्टच्या मागं अजून
फरशीचा एक तुकडा दिसतो, हिरवट,
बाळंतपणाच्या वॉर्डात असायची तशी.

आज तिन्ही चौकटी कोऱ्या सोडल्यात.
त्यावर पत्र येईल, येऊ दे.

शिफारस क्रमांक एक:
पुढची बैठक तळघरात घ्यावी, इस्त्रीच्या टेबलाशी,
रात्री तीन वाजता, दिवे घालवून.
आमंत्रण एर्मेलिंदा वेंचुमान देतील.
खुर्च्या नाहीत तिथं.
गाड्या पालथ्या घातल्या की
नऊ माणसं बसतात, त्या म्हणाल्या,
दहाव्यानं दार धरून उभं राहावं.