लॉगबुकातलं ऊन

गावाचं नाव सूर.
गाणं म्हणाल तर कंप्रेसरचं,
चोवीस तास, एकाच पट्टीत.
समुद्रातलं मीठ काढून आम्ही पाणी गोडं करतो
आणि मी, मुबीन परकार, मूळचा अंजनवेलचा,
दिवसपाळीचं लॉगबुक लिहितो. इंग्रजीत.

पहिल्याच आठवड्यात कुरुविला सरांनी
माझी ओळ लाल पेनानं कापली.
शब्द इंग्रजी होते, चाल घरची:
ओपनिंग व्हॉल्व्ह, सीइंग गेज, क्लोजिंग, साइनिंग.
"चार क्रियापदं नुसती लोंबकळतायत," ते म्हणाले,
"एकही जमिनीला टेकत नाही."

मग शिकवलं.
ही ओपन्ड द व्हॉल्व्ह अँड चेक्ड द गेज.
प्रत्येक क्रियापद स्वतःच्या पायावर,
सगळी एकाच काळात, मध्ये अँड,
आणि 'ही' फक्त एकदा, सुरुवातीला.
मुकादमानं सकाळी एकदा नाव पुकारावं
आणि दिवसभर त्याच नावावर
गोणी चढवत राहावं, तसं.
लिफ्टेड अँड कॅरीड अँड स्टॅक्ड.
माणूस एक. तक्रार नाही.

बट मला लवकर जमला.
ऑर आधीपासूनच ओळखीचा,
करारावर सही केली तेव्हा भेटला होता:
हजर व्हा ऑर पगार सोडा.

शुक्रवारी खाडीवर होड्या बघायला जायचो.
म्हातारा खमीस सांगायचा, माझ्या आजाच्या वेळी
फळ्या काथ्यानं शिवायचे, खिळा नाही एकही,
आणि काथ्या यायचा तुमच्याच बाजूनं.
मला तेव्हा आमचं ऊन आठवायचं.
खाऊन, जाऊन, बघून, येऊन,
आत जातं, बाहेर येतं, ओढलं की घट्ट.
अँड म्हणजे खिळा.
वाईट नाही खिळा. पटकन होतो.

अठरा जूनला यमप्रसाद गुरुङ पाइपरॅकवरून पडला.
वेळ, बारा वाजून वीस मिनिटं.
घड्याळालासुद्धा आमच्यात ऊन लागतं.
साडेबाराला उन्हापायी काम थांबवायचा कायदा,
आणि एक क्लँप राहिला होता.

रिपोर्टात मी लिहिलं:
ही अनहुक्ड हिज बेल्ट अँड फेल.
सहा-सात शब्द. काळ बरोबर. कर्ता एक.
लाल पेनाला जागाच नाही.

रात्री खोलीवर ते मराठीत करून पाहिलं.
पट्टा काढून पडला.
जेवून झोपला म्हणतात ना, तसं.
जणू पडायचं म्हणूनच काढला,
जणू त्याची रोजची सवय.
शेजारच्या खाटेवर यमप्रसादची चादर
सकाळी जशी टाकली तशीच होती.
डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आहे. कमरेचं नंतर बघू.

पट्टा आणि पडणं, यांच्या मध्ये
एक माणूस खाली उभा होता.
मनगट वर करून, काचेवर बोट आपटून
जल्दी, जल्दी म्हणत होता.
त्याला कुठे घालू?
'ही' आधीच येऊन बसलाय,
अँडच्या पलीकडेसुद्धा त्याचाच पसारा.
दुसरा कर्ता आणायचा
तर त्याला त्याचं वेगळं नाव द्यावं लागतं,
त्याचं स्वतःचं क्रियापद.

इंग्रजीत 'आय' कुठेही आला तरी मोठाच लिहितात.
वाक्याच्या मध्येसुद्धा.
रॅकच्या खांबासारखा उभा, लपत नाही.

सकाळी मी नवी ओळ लिहिली.
आय टोल्ड हिम टू हरी.
खाली जुनी ओळ तशीच ठेवली
आणि वही कुरुविला सरांपुढे सरकवली.

त्यांनी वाचलं.
पुन्हा वाचलं.
लाल पेन उघडून,
बराच वेळ हातात धरून,
टोपण लावून
खिशात ठेवलं त्यांनी.