दहा थाऊ

नाना पेठेत बोळाच्या तोंडाशीच ती अडली.
शेवटी मीच गेलो रस्त्यावर, हात पुसत.
कल्पेश ओसवालनं दार उघडलं
कोंबड्यानं पंख उचलावा तसं, वर.
तीन रिक्षावाले उतरून बघायला लागले.
एकानं विचारलं, पळते किती?
म्हटलं, इथं? पुढची बस पळेल तेवढी.

कल्पेश म्हणाला, काका, टक् वाजतं कुठंतरी.
बाणेरच्या शोरूमला तीनदा नेली.
लॅपटॉप लावतात आणि म्हणतात, दोष नाही.
आता दोष नाही म्हटल्यावर
टक् म्हणतंय कोण?

ह्याच्या आजोबांची हेराल्ड होती,
दोन दारांची, लोण्याच्या रंगाची.
डिसेंबरात चोक ओढून ओढून
केशरचंदशेठ घामाघूम व्हायचे,
तिच्या सात पिढ्या काढायचे
आणि संध्याकाळी स्वतःच्या उपरण्यानं तिची काच पुसायचे.
कात्रजच्या चढाला ती पाणी मागायची.
त्या अर्ध्या तासात शेठ रस्त्यावरच्या माणसांशी बोलायचे,
एरवी नाही.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला,
असा मी वाकलेला.
टॅपेटमध्ये दहा थाऊची फट ठेवायची.
कमी ठेवली तर गाडी गप्प, आणि गपचूप व्हॉल्व्ह जाळते.
जास्त ठेवली तर गल्लीभर कटकट.
लोक ज्याला गाडीचा जीव म्हणतात
तो त्या फटीत राहायचा, असं माझं मत.
पागडी न देता.

हिचं बॉनेट उघडलं तर खाली आणखी एक झाकण,
काळं, गुळगुळीत.
टोक टेकवायला जागा नाही.
कल्पेशनं बटण दाबलं. डरकाळी आली,
पण इंजिनातून नाही, सीटच्या मागून.
‘स्पीकर आहे काका,’ तो जरा ओशाळला,
‘आतून खरा आवाज फार कमी येतो आता,
म्हणून वरून घालतात.’

मी हसणार होतो.
पण माझ्या डाव्या कानात मशीन आहे,
चाळीस वर्षं खऱ्या आवाजांशेजारी उभं राहिल्याची कमाई.
मलाही आतून फार कमी येतं.
वरून घालतात.

शेजारी बसलो. बसलो कसला, पडलो.
चांदणी चौकाच्या पुलावर
दर सांध्याला टक्.
म्हटलं, तुझा वाघ बंद कर आधी.
कानातलं मशीन काढून खिशात टाकलं,
स्क्रू-ड्रायव्हर काढला, तोच, लाकडी मुठीचा,
आणि टेकवत गेलो: दार, डॅशबोर्ड, पायाखालचा पत्रा.
मागचे हॉर्न मारत होते म्हणे. मला काय.
हाडातून आला तो.
माझ्याच सीटखालून.

बावधनला बाजूला घेऊन पॅनेल उचकटलं
(कल्पेशनं डोळे मिटून घेतले होते)
तर आत एक रिव्हेट. हरभऱ्याएवढा, सुटा.
कुठल्याशा थंड देशात, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी,
कुणाच्या तरी हातून निसटला असेल,
आणि त्यानं इकडंतिकडं बघून वर झाकण लावलं असेल.
माणूसच तो.
एवढ्या कोटींच्या गाडीत
मला ओळखीचा वाटला असा तोच एक.

विचारलं, ठेवू का रे? चांगला आहे आवाज.
तिचा स्वतःचा असा एवढाच आहे.
कल्पेश बघत राहिला.
त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं मशीन घातलेलं नाही,
मोठ्यानं म्हणाला, ‘काढा, काका, काढा!’

काढला. गाडी त्याची.
परत येताना एवढं शांत होतं
की त्यानं वाघ पुन्हा चालू केला.

बोळाच्या तोंडाशी बिल मागितलं त्यानं,
अकाउंटला लागतं म्हणे.
रिव्हेट माझ्या मुठीत होता.
पॅड मांडीवर घेतलं, कार्बन सरळ केला आणि लिहिलं:
आवाज काढला. रुपये दोनशे.