पुडीवरची तारीख

यात्रा उठून आठ दिवस झाले.
सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आता घोडे नाहीत,
खुंट्यांची भोकं आहेत, वाळलेली लीद,
आणि हिलालमामा,
सुरतेच्या भंगारवाल्याकडून आणलेलं यंत्र
गाभण म्हशीच्या पोटावरून हात फिरवावा तसं
जमिनीवरून फिरवणारा.

मी मागून चालते. खुरपं, पिठाची जुनी चाळण,
दोनशे पानी वही.
धातू मामाचा, कचरा माझा,
अशी आमची वाटणी.

कारण धातूचा भरवसा नाही.
चार आण्याचं नाणं वीस वर्षं खिशाखिशांतून हिंडतं
आणि मग कुणा पोराच्या फाटक्या चड्डीतून गळतं.
त्याच्यावरचं साल जन्माचं,
पडण्याचं नाही.
नाल तर निव्वळ मुकी.
पण शांपूची पुडी जिथे फाडली तिथेच पडते,
तिचं आयुष्य एका आंघोळीचं,
आणि पाठीवर महिना, साल, किंमत.

म्हणून आधी मी कचरा वाचते.
वर कागदी कप, यंदाचेच.
बोटभर खाली एक निळा मास्क, आसपास काहीच नाही:
त्या साली यात्रा भरली नव्हती.
मग गुटख्याच्या पुड्या,
बंदीच्या आधीच्या की नंतरच्या सांगता येत नाही,
पुड्यांना बंदी ठाऊक नव्हती.
खरवडलेलं रिचार्जचं कार्ड.
कॅसेटची तपकिरी फीत, ओढावी तितकी निघते.
सोड्याच्या झाकणाला आतून प्लॅस्टिक असेल तर मी पुढे सरकते,
बुचाची चकती लागली की हाक मारते,
"मामा, हाई माटी जुनी शे."
तो कानावरचं फडकं सारतो, गुडघ्यावर बसतो.

त्या दिवशी चिंचेखाली, तापीकडच्या उतारावर
यंत्र लांबलचक वाजलं.
वीतभर खाली पितळी घंटी, मूठभर,
काठावर कानशीचे दोन घाव.
मामाचा अंगठा त्या घावांवर
न शोधता गेला.
"रेशमनी," म्हणाला.

रेशम म्हणजे त्याची घोडी.
नव्व्याण्णव साली विकली माळव्याच्या दलालाला,
आणि यंत्र घेईपर्यंत
पुन्हा ह्या बाजारात पाय ठेवला नाही,
हे घरात सगळ्यांना पाठ.

घंटी हलवली. वाजेना.
आत लोलकाभोवती काहीतरी कोंबलेलं,
काडीने ओढलं तर शांपूची पुडी,
चार घड्या घालून, नीट, कुणीतरी मुद्दाम.
थुंकी लावून पुसली.
जानेवारी दोन हजार तीन.

मी काही बोलले नाही.
मनात मात्र एक माणूस पाहिला,
विकताना गळ्यातून काढून ठेवलेली घंटी खिशात,
वाजू नये म्हणून तिचं तोंड भरलेलं,
शेकडो घोड्यांच्या रांगांतून
एकेक कपाळ बघत चाललेला.

"काळी माटी," मामा म्हणाला, नदीकडे बघत.
"उन्हाळामा तोंड उघडस.
भेगमा पडनी व्हई ती पुडी."

खरं आहे, आमची जमीन तशीच आहे.
चैत्रात पाय जाईल एवढी फाटते,
वरचं सगळं खाली घेते
आणि पाऊस आला की काही झालंच नाही असं मिटते.
भेगेतून पुडी खाली जाते.
चार घड्या घालून जात नाही.

मी पुडी होती तशी दुमडली,
परत घंटीत बसवली, त्याच्या हातात दिली.
त्याने ती सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली
आणि यंत्र सुरू करायला जरा जास्तच वेळ लावला.

वहीत लिहिलं:
चिंचेखाली, वीतभर. पितळी घंटी एक.
थर: भेगेचा.