अर्धा तास तहकूब

चौदा दिवस आधी नोटीस लावली
देवळाच्या खांबाला, पंचायतीच्या फळ्यावर,
पदेराच्या दुकानात पावांच्या टोपलीमागे.
तिथल्या कागदावर पिठाची बोटं उमटली,
म्हणजे कुणीतरी वाचली असावी.

कपेलातून तीस खुर्च्या आणल्या
कायतानच्या पिकअपमधून.
"नवाच्या आत परत," पाद्री म्हणाले, "सकाळी मीस आहे."
बोरीच्या आमच्या वाचनालयाची
वार्षिक सर्वसाधारण सभा, संध्याकाळी ठीक पाच वाजता.

ठीक पाच वाजता
मी, पंखा,
आणि खजिनदार रोहिदास.

सव्वापाचला चोवीस.
दारातल्या चपला मोजल्या, मग माणसं,
मग पुन्हा चपला.
पटावर एक्याऐंशी. एक तृतीयांश सत्तावीस.

रोहिदास हळूच जवळ आला:
"चिटणीसबाई, पटावरचे नऊ जण वारलेत.
ते वजा करा, राहिले बहात्तर.
आता तिनाने भागा."
त्याचा हिशेब कधी चुकत नाही.

पण नाव कमी करायला ठराव लागतो,
ठरावाला सभा,
सभेला सत्तावीस.
आणि त्या नवांत अनंत धुमे आहेत,
जे दरवर्षी उठून, चष्मा पुसून विचारायचे,
"किरकोळ खर्च म्हणजे नेमकं काय?"
डांबरगोळ्यांच्या एका पावतीवरून
त्यांनी सभा साडेनऊपर्यंत नेली होती.
फोंड्याची बस चुकली; सगळे भांडत चालत गेले.

नियम सतरा. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
मग त्याच जागी, तेच विषय,
गणपूर्तीचं बंधन नाही.
म्हणजे आत्ता अपुरे असलेले हेच चोवीस
पावणेसहाला पुरेसे होणार.
"रावया मगे," सुलक्षाबाय म्हणाली
आणि भज्यांचा पुडा सोडला.

कुणीतरी कपाट उघडलं.
कायतान नारळावरच्या रोगांचं पुस्तक घेऊन
खिडकीशी बसला, ओळीवर बोट ठेवून.
कुळागराच्या हद्दीवरून सहा वर्षं न बोलणारे
केरकर बंधू
एकाच वर्तमानपत्राची दोन पानं वाचत होते;
उलटायची वेळ आली तेव्हा
थोरला थांबला.
वाचनालयात माणसं वाचताहेत
हे मी चिटणीस झाल्यापासून
पहिल्यांदा पाहिलं.

पावणेसहा. घंटा वाजवली, तर कपाळाला आठ्या.

इतिवृत्त मंजूर. ताळेबंद मंजूर.
किरकोळ खर्च, तीनशे बारा रुपये.
मी थांबले. सगळेच थांबले.
कुणी काही विचारेना,
तेव्हा मीच पावत्या वाचून दाखवल्या:
सुतळी, खळ, शाईचा पॅड,
डांबरगोळ्या.

विषय सहा:
मयत सभासदांची नावं पटावरून कमी करणे.
सूचक?
कुणी छताकडे पाहिलं, कुणी बशीतल्या तेलाकडे.
मग धाकटा केरकर म्हणाला,
"पुढच्या सभेत घेऊया."
थोरल्याने अनुमोदन दिलं.
हात वर झाले. मोजले. चोवीस.

एकमताने, असं लिहिलं.

पुढच्या वर्षीही अर्धा तास थांबावं लागणार.
भजी थोडी जास्त सांगायला हवीत.