एकास पाचशे

एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर.
या मापात सहा वर्षांचं पोर
वरून पाहिलं तर अर्धा मिलिमीटर,
पेन्सिलीचं टोक टेकवून उचलावं, एवढंच.
म्हणून नकाशात पोरं दाखवत नाहीत.
कॉलेजात मलाही तसंच शिकवलं.

भांडुपात, टेंभीपाड्याच्या चढावर,
व्यायामशाळेत मी नकाशा पसरला
तर तो सारखा गुंडाळी व्हायचा.
कुणीतरी कॅरम बोर्ड ओढला, त्यावर ताणून बसवला,
चार कोपऱ्यांना चार डंबेल्स.
सूचना द्या, मी म्हटलं, लेखी असल्या तर बरं.
वॉर्ड ऑफिसात असंच म्हणतात,
म्हणजे फारशा येत नाहीत.

यमुना पागधरे वाकून शोधत होत्या.
ह्याच्यात माजी पाटी कुठं हाय?
बावीस वर्सं बसते मी ट्रान्सफॉर्मरपाशी.
मी म्हटलं, तिथं फूटपाथ प्रस्तावित आहे.
म्हंजे मी प्रस्तावित नाय, त्या म्हणाल्या,
आणि नाकावरचा चष्मा पदरानं पुसायला लागल्या.

इक्बाल परकार, गोदीत क्रेन चालवलेले,
यांनी तेवढं लेखी आणलं होतं.
सात दिवसांची नोंद, तारीखवार, नातवाच्या वहीच्या पानावर:
पलीकडे जायला मला एकतीस सेकंद,
सिग्नल देतो अठरा.
मधले तेरा सेकंद, मॅडम,
मी कुणाकडून उसने आणू?

दिगंबर घाग रिक्षावाला, तो भांडायलाच आला होता.
गतिरोधक घाला, नका घालू, स्टँड हलणार नाही.
पण भांडता भांडता सोंगट्यांचा डबा त्यानंच पालथा केला.
बोलताय काय नुसते, ठेवा.
काळी, जिथं काळजात धस्स होतं.
पांढरी, जिथं माणसं खरंच रस्ता ओलांडतात,
मॅडमच्या पट्ट्यांवर नव्हे.

नऊच्या नऊ काळ्या संपल्या.
शाळेच्या फाटकाशी तीन तर एकावर एक.
पांढऱ्या माझ्या एकाही पट्टीवर नव्हत्या.
सातवीतली अल्फिया म्हणाली,
बारा-चाळीसला सकाळची शाळा सुटते, दुपारची भरते,
आणि नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर येतो.
तिनं त्याच्यासाठी स्ट्रायकर ठेवला.

राणी उरली.

दाराशी वारंग उभे होते, आल्यापासून तिथंच.
ते पुढे आले, मेडिकलच्या वळणावर
लाल सोंगटी ठेवली
आणि तिच्यावरचं बोट उचलेनात.
कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं,
मलाच नव्हतं.
माझ्या नकाशात तिथं लिहिलं होतं:
रुंदी सहा पूर्णांक एक, स्थिती समाधानकारक.

पंखा कुरकुरत राहिला.
मग दिगंबर, भांडणाचा आवाज खाली ठेवून,
राणीला कव्हर लागतं, म्हणाला.
यमुनाबाईंनी ट्रान्सफॉर्मरपाशी हात घातला,
आपल्या जागेची पांढरी उचलली
आणि वळणावर, राणीला लगटून ठेवली.
मी हितं बसते.
माज्या पाटीवर गाडी घालायची
कुनाची टाप हाय बघूया.

पुढच्या रविवारी रस्त्यावर चुना पडला, एकास एक.
नकाशात चार मिलिमीटर वाढवलेला कोपरा
जमिनीवर भलता मोठा निघाला.
परकार त्यावर थांबले, श्वास घेतला, मग उरलेलं अंतर चालले.
टँकर आला, हॉर्न वाजवला,
आणि वैतागून का होईना, पहिल्या गिअरवर गेला.
एकाची स्कूटर लावायची जागा गेली.
तो आजही माझ्याशी बोलत नाही.

नव्या नकाशात मी ठिपके दिलेत, अर्ध्या मिलिमीटरचे,
शाळेच्या फाटकापासून मेडिकलपर्यंत.
साहेबांनी विचारलं, ही धूळ आहे का?
म्हटलं, पुसून बघा.

फाइल वरती गेली आहे. शेरा: तपासून सादर करावे.
इकडे आठवडाभर टायर चुना पुसतात,
आणि शनिवारी रात्री कुणीतरी पुन्हा ओढतं,
थोडा वाकडा, दर खेपेला इंचभर पुढे.
पोतं कुठून येतं
ते मला विचारू नका.