मधल्या चार ओळी

पिंगळांच्या बागेत ब्लोअर सुटला
की वारा नेमका आमच्याकडं वळतो.
म्हणून लिहून दिलंय कागदावर :
पश्चिमेच्या बांधालगतच्या चार ओळी
सेंद्रिय धरायच्या नाहीत.

शेणखत त्यांना तेच, स्लरी तीच,
ठिबकची नळीही एकच.
घड उतरले की मात्र त्यांचे क्रेट वेगळे,
आणि पिंपळगावच्या मार्केटला ते जातात
माहेर नसलेल्या बाईसारखे, मुकाट.

तपासणीला आलेला पोरगा टेप धरून
बांधापासून अंतर मोजत होता.
मी म्हटलं, दादा, वारा पण मोजा.
तो हसला. चहा घेतला, सही केली.

नोव्हेंबरात तीन दिवस मोहाडीवर आभाळ दाटलेलं.
डाऊनीला बांध कळत नाही.
रंगनाथरावांनी एकदाच मारलं औषध, पानात शिरणारं,
आणि बारा दिवस निवांत.
मी मोरचूद मारलं, पावसानं धुतलं.
परत मारलं, परत धुतलं.
आठ फेऱ्या.
डिझेलचा काळा धूर माझ्याच पानांवर,
आणि निळं पाणी झिरपत
माझ्याच मातीत.

माती परीक्षणाचा कागद आला : तांबं वाढलंय.
दिरांना दाखवला नाही.
गव्हाच्या कोठीखाली सरकवला.
तरी कुदळ मारली की गांडुळं निघतात.
त्यांना वाचता येत नाही,
हे बरंच म्हणायचं.

येसू गावित सुरगाण्याहून टोळी घेऊन येते.
म्हणते, ताई, तुमच्याकडं तण लई,
म्हणून आम्हाला दिवस लई.
तिकडं एका पंपात रान पिवळं पडतं,
मग आम्ही काय निंदायचं?
थोडं थांबून म्हणते,
पण त्यांचा पैसा शनिवारच्या शनिवार.
तुमचा मे महिन्यात.

खोटं नाही.
त्यांचे एकरी अकरा टन, माझे सहा.
मला किलोमागं बावीस रुपये जास्त,
तेही निम्म्या मालाला.
मण्यावर डाग दिसला
की उरलेला निम्मा
त्या चार ओळींच्याच गाडीत बसतो.

परवा बांधावर रंगनाथराव भेटले.
डोळे तांबारलेले.
म्हणाले, वहिनी, दिवसा वारा तुमच्याकडं असतो,
म्हणून मी रात्री दोनला मारतो, वारा पडल्यावर.
ड्रायव्हरला दुप्पट द्यावे लागतात.
तुमच्या सर्टिफिकेटवर माझ्या झोपेची सही कुठंय?

आणि तुमची भुरी येते की माझ्याकडं,
ती कोणत्या कागदात लिहू?

मला उत्तर सुचलं नाही.
ब्लोअरच्या आवाजानं मी रोज जागी होत होते,
आणि त्यांना मनातल्या मनात
शिव्या देत होते.

मग आम्ही दोघं त्याच ओळींत शिरलो.
त्यांनी एक घड तोडला, दोन मणी मला दिले.
पाण्यानं धुवायचे की नाही
यावर जरा घुटमळलो दोघंही.
मग खाल्ले.
गोडी उतरायला अजून आठवडा होता.
बी नव्हतं, पण आंबट होते,
दोन्हीकडून आंबट.